पंचाहत्तरीचे ‘रान’

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे एक चित्रपट मंडळ आहे. मंडळाला कोणीतरी प्राध्यापक उपाध्यक्ष असावा लागतो. इंग्रजीच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी वेळीच अंग काढून घेतल्यामुळे ती माळ मराठीच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडली. उपाध्यक्षाचे काम फारसे नाही. शनिवारी दुपारी सभागृहाची किल्ली आणायची, पहिल्या रांगेत गंभीर चेहऱ्याने बसायचे आणि खेळ संपल्यावर पंखे बंद झाले की नाहीत ते पाहायचे. मधल्या वेळात डुलकी काढली तरी चालते; अंधार सगळ्यांना पोटात घेतो.

एका शनिवारी फळ्यावर ‘ए. के.’ असे नाव दिसले. मला वाटले, बंदुकीवरचा चित्रपट असणार. म्हणजे आज डुलकीचीही सोय नाही! पण पडद्यावर आला तो एक उंचापुरा, काळा चष्मा लावलेला म्हातारा. तो डोंगराच्या उतारावर उभा होता. सभोवती धुके होते आणि चिलखते चढवलेली शेकडो माणसे नुसती बसून होती. म्हातारा धुके विरण्याची वाट पाहत होता. मीही पाहू लागलो. डुलकी आली नाही. खेळ संपला तेव्हा पंखे बंद करायचे राहून गेले, आणि सोमवारी शिपायाने मला त्याची आठवण करून दिली.

माझे लक्ष उडाले होते त्याला कारण होते. दोन महिन्यांपूर्वी आमच्या अण्णांना मी एक वाक्य बोललो होतो. ते काय, हे शेवटी सांगेन. आधी त्या डोंगरावर जाऊन येऊ.

तीन बाण

डोंगर म्हणजे जपानचा फुजी पर्वत. साल १९८४. म्हातारा म्हणजे अकिरा कुरोसावा, ‘ए. के.’ ही त्याची आद्याक्षरे. तेथे त्याच्या ‘रान’ या चित्रपटाचे चित्रण चालले होते. ते चालू असताना क्रिस मार्कर नावाचा एक फ्रेंच माहितीपटकार आपले छोटे पथक घेऊन तेथे गेला आणि चित्रपट बनताना जे दिसले ते त्याने टिपून ठेवले. मूळ चित्रपट आणि हा सव्वा तासाचा माहितीपट, दोन्ही १९८५ मध्ये प्रदर्शित झाले.

‘रान’ हे नाव आपल्या कानाला अगदी घरचे वाटते. जपानी भाषेत मात्र त्याचा अर्थ अरण्य नव्हे. अंदाधुंदी, बेबंदशाही, असा काहीसा आहे. तरीही हा चित्रपट पाहिल्यावर मराठी माणसाला आपलाच अर्थ खरा वाटू लागतो. माणसांनी राज्याचे रान कसे करून टाकले, त्याचीच ती गोष्ट.

गोष्टीचे बीज जपानच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात मोरी मोतोनारी नावाचा सरदार होऊन गेला. त्याने आपल्या मुलांना एकीचे बळ शिकवले, अशी कथा आहे. एक बाण सहज मोडतो, तीन एकत्र धरले तर मोडत नाहीत. आपल्या शाळेतल्या पुस्तकात हीच शिकवण काठ्यांच्या मोळीने दिलेली असते. कुरोसावाने ही कथा उलटीकडून पाहिली. मुलगे तसे गुणी नसते तर काय झाले असते? त्याच्या चित्रपटात म्हातारा सरदार हिदेतोरा मुलांच्या हाती तीन बाण देतो आणि सर्वांत धाकटा साबुरो ते तिन्ही बाण गुडघ्यावर टेकवून मोडून दाखवतो. पुढे काय होणार, ते त्या एका कडकन आवाजात सांगून झालेले असते.

या कथेवर काम करता करता ती शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’च्या जवळ जाऊन पोहोचली. राज्य वाटून देणारा बाप, गोड बोलून त्याला बाहेर काढणारी मुले आणि खरे बोलल्याबद्दल हाकलून दिलेले तिसरे मूल. आपल्याला लिअरची ओळख नव्याने करून द्यायला नको. वि. वा. शिरवाडकरांनी १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले, डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभा केला, आणि तेव्हापासून मराठी घराघरांतील वडीलधारी माणसे मिळकतीच्या कागदावर सही करताना क्षणभर थबकू लागली.

मी हे नाटक वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. म्हणून कुरोसावाने केलेला एक बदल मला फार मोलाचा वाटला. लिअरला भूतकाळ नाही, ही त्याची तक्रार होती. एवढा मोठा राजा झाला तो कसा? त्याच्या हातून कोणकोण मेले? शेक्सपिअर ते सांगत नाही. कुरोसावा सांगतो. त्याच्या हिदेतोराने आपल्या सुनांची माहेरे जाळलेली आहेत. त्यामुळे त्याचे हाल पाहून आपण रडतो आणि त्याच वेळी मनाशी म्हणतो, याने पेरले तेच उगवले आहे. बेलवलकरांसाठी रडणे सोपे आहे. हिदेतोरासाठी रडताना मनाला फार खेचाखेच सोसावी लागते.

दहा वर्षांची रंगीत तालीम

आता हा म्हातारा धुक्यात का उभा होता, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९१० साली जन्मलेल्या कुरोसावाच्या ‘राशोमोन’ या चित्रपटाला १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि साऱ्या जगाचे डोळे जपानी चित्रपटाकडे वळले. १९५४ चा ‘सेव्हन सामुराई’ तर पुढे देशोदेशीच्या चित्रपटांचा आजोबा ठरला. पण १९६५ च्या ‘रेड बिअर्ड’नंतर दिवस फिरले. खर्चिक, हट्टी आणि जुन्या वळणाचा म्हणून निर्माते त्याला टाळू लागले. १९७० चा ‘दोदेस्कादेन’ चालला नाही. १९७१ च्या डिसेंबरात त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून तो वाचला. पुढचा चित्रपट ‘देर्सू उझाला’ त्याला रशियात जाऊन करावा लागला. तो १९७५ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला ऑस्कर मिळाले. परदेशात हार आणि घरी दार बंद, हा अनुभव कलावंतांना नवा नाही.

‘रान’ची पटकथा सत्तरीच्या दशकातच लिहून तयार होती. पैसा मात्र नव्हता. मग त्याने काय करावे? तरुणपणी तो चित्रकार होण्याच्या नादात होता. त्याने पुन्हा कुंचला हातात घेतला आणि चित्रपटातील प्रसंग एकामागून एक कागदावर रंगवायला सुरुवात केली. किल्ले, घोडे, निशाणे, सरदाराच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. चित्रपट निघाला नाही तरी निदान ही चित्रे मागे राहतील, असा त्यातला भाव. मध्यंतरी १९८० मध्ये ‘कागेमुशा’ निघाला. त्यासाठी फ्रान्सिस फोर्ड कपोला आणि जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकांनी आपले वजन खर्ची घातले. कुरोसावाच्या लेखी हा गाजलेला चित्रपट म्हणजे ‘रान’ची रंगीत तालीम होती! शेवटी सर्ज सिल्बरमान हा फ्रान्समधील निर्माता पुढे आला, जपानी आणि फ्रेंच पैसा एकत्र झाला आणि एक कोटी डॉलरहून अधिक खर्चाचा हा चित्रपट उभा राहिला. तोवर जपानमध्ये एवढा महाग चित्रपट झाला नव्हता.

एमी वादा या वेशभूषाकर्तीच्या देखरेखीखाली सुमारे १,४०० पोशाख आणि चिलखते हाताने तयार करण्यात आली. त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या कामाबद्दल तिला पुढे ऑस्कर मिळाले. फुजीच्या उतारावर एक संपूर्ण किल्ला बांधला गेला, तो केवळ जाळण्यासाठी. आग लागल्यावर हिदेतोराची भूमिका करणाऱ्या तात्सुया नाकादाईने धुरातून बाहेर येऊन पायऱ्या उतरायच्या होत्या. पाय घसरला असता तर दुसरा किल्ला नव्हता.

पडद्यामागे काय असते?

एवढे वाचल्यावर वाटेल की माहितीपटात धावपळ असेल, आरडाओरडा असेल, म्हातारा कर्ण्यातून ओरडत असेल. मीही तेच धरून बसलो होतो. पण मार्करच्या ‘ए. के.’मध्ये मुख्य गोष्ट दिसते ती म्हणजे वाट पाहणे. धुके उठण्याची, पाऊस थांबण्याची, घोडे शांत होण्याची. आसपासची साधी माणसे चिलखते घालून सैनिक झाली आहेत. ती गवतावर आडवी होतात, डुलक्या घेतात. (माझा उपाध्यक्षपदाचा अनुभव लक्षात घेता मला त्यांच्याबद्दल विशेष आपुलकी वाटली.) आणि या सगळ्यांमध्ये तो म्हातारा, ज्याला सर्वजण ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणतात, स्वतः वाकून कसली तरी मांडणी ठीक करतो, पुन्हा कॅमेऱ्याकडे येतो, पुन्हा पाहतो. त्याची दृष्टी तेव्हा अधू होत चालली होती, हे मागाहून वाचले तेव्हा त्या पाहण्याला वेगळाच अर्थ आला.

मार्करने माहितीपटाची छोटी प्रकरणे पाडली आहेत, जुन्या ग्रंथासारखी. लढाई, धीर, निष्ठा, वेग, घोडे, पाऊस, आग, धुके अशी त्यांची नावे आहेत. त्यातले निष्ठेचे प्रकरण मला सर्वांत आवडले. कुरोसावाभोवती जी माणसे दिसतात ती काल-परवा आलेली नाहीत. तेरुयो नोगामी ही बाई १९५० च्या ‘राशोमोन’पासून त्याच्या प्रत्येक दृश्याच्या नोंदी ठेवीत आलेली. छायाचित्रकार आसाकाझु नाकाई तर त्याहून जुना. आणि इशिरो होंडा! १९५४ मध्ये ‘गॉडझिला’ या राक्षसी प्राण्याला जन्म देऊन ज्याने जगभर नाव मिळवले, तो दिग्दर्शक म्हातारपणी आपल्या मित्राचा मदतनीस म्हणून उन्हापावसात उभा राहतो. स्वतः मोठा असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कामात दुय्यम जागा घ्यावी, ही गोष्ट आपल्याकडे सभासंमेलनांच्या व्यासपीठावर तरी मला क्वचितच दिसली आहे.

स्वतः मार्करही त्याच जातीचा निघाला. हा माणूस आपले छायाचित्र कोणाला काढू देत नसे. कोणी मागितले तर मांजराचे चित्र पाठवून देई. दुसऱ्याने निर्माण केलेल्या सौंदर्यावर आपण श्रीमंत व्हायचे नाही, असा त्याने माहितीपटाच्या आरंभीच नेम करून घेतला आहे. ‘रान’च्या कॅमेऱ्याला जे भव्य दिसते ते तो उसने घेत नाही. बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना जेवढे दिसेल तेवढेच दाखवतो.

आणि मग येते ते सोनेरी गवताचे प्रकरण. रात्रीच्या एका दृश्यासाठी गवत चांदण्यात झळाळले पाहिजे, अशी गुरुजींची इच्छा. झाले! माणसे कामाला लागतात आणि उंच वाढलेल्या रानगवताला सोनेरी रंग देऊ लागतात. खरोखर, गवताला रंग! दिवाळीत घराला रंग देताना आपण दोन खोल्यांत थकतो. येथे अख्खे माळरान. शेवटी सोन्याचे शेत उभे राहते आणि चित्रण होते.

ते दृश्य ‘रान’मध्ये नाही. संकलनात कुरोसावाने ते काढून टाकले. आज ते सोनेरी गवत पाहायचे असेल तर मार्करच्या माहितीपटातच पाहावे लागते.

हे समजल्यावर माझ्या शेजारी बसलेला एक विद्यार्थी हळूच म्हणाला, “सर, एवढी मेहनत फुकट गेली.” मी मान डोलावली. पण ते वाक्य मनातून जाईना.

फुकट म्हणजे काय?

पडद्यामागचे दाखवण्याची ही हौस विलायती आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये दाखवला आणि अवघ्या चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे स्वतःच पडद्यावर आणले. त्यात काम करताना दिसणारे दादासाहेब पाहिले की कळते, या माणसाला लोकांनी केवळ टाळ्या वाजवायला नको होत्या. आपले वेड लोकांना समजावे, अशी त्यांची तळमळ होती. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला. ते पडद्यावर कोठेच दिसत नाही, पण त्यावाचून पडदा उजळला नसता. त्यांचा अखेरचा चित्रपट, १९३७ चा ‘गंगावतरण’, निघाला तेव्हा दादासाहेब सदुसष्ट वर्षांचे होते.

मोठ्या कामात न दिसणारा भाग दिसणाऱ्या भागापेक्षा नेहमीच मोठा असतो. कुरोसावाच्या बाबतीत त्याची किंमत फार जबर होती. मार्कर निघून गेल्यावर, १९८५ च्या आरंभी, अनेक वर्षांचा सोबती असलेला ध्वनिमुद्रक फुमिओ यानोगुची वारला. लगेच फेब्रुवारीत कुरोसावाची पत्नी गेली. चाळीस वर्षांचा संसार. तो एक दिवस थांबला आणि पुन्हा कामावर आला, असे सांगतात. हे वाचून प्रथम मला त्याचा राग आला. हा कसला माणूस? मग त्याच्या आत्मचरित्रातील एक आठवण वाचनात आली. १९२३ च्या भूकंपात तोक्यो जळून गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्याच्या थोरल्या भावाने त्याला हाताला धरून प्रेतांच्या राशींतून फिरवले आणि मान वळवू दिली नाही. भीतिदायक गोष्टीकडे पाठ फिरवली तर भीती उरते. सरळ पाहिले तर उरत नाही, हा त्या भावाचा धडा. पुढे तो भाऊ स्वतःच जीव देऊन मोकळा झाला. धाकटा मात्र जन्मभर सरळ पाहत राहिला. ‘रान’मध्ये किल्ल्यावरील हल्ल्याचे जे लांबलचक दृश्य आहे त्यात तलवारींचा खणखणाट नाही, किंकाळ्या नाहीत, फक्त तोरू ताकेमित्सूचे संगीत आहे. मग एकाएकी एका गोळीचा आवाज येतो आणि सारा कोलाहल कानांवर कोसळतो. हे दृश्य ज्याने मान वळवली नाही त्यालाच सुचू शकते.

‘रान’ त्याचा शेवटचा चित्रपट ठरला नाही. त्यानंतर त्याने आणखी तीन केले. त्यातला अखेरचा, १९९३ चा ‘मादादायो’, एका वृद्ध प्राध्यापकाबद्दल आहे. त्याचे विद्यार्थी दरवर्षी जमून त्याला लपंडावातल्यासारखे विचारतात, तयार आहात का? आणि तो उत्तर देतो, ‘मादादायो’. म्हणजे, अजून नाही! कुरोसावा तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. १९९८ मध्ये तो गेला.

आमचे अण्णा

आता ते वाक्य.

आमचे अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झाले. पण गिरगावातल्या आमच्या वाडीत त्यांची ओळख ‘गणपतीतले दिग्दर्शक’ अशी होती. वाडी पाडली, तिच्या जागी उंच इमारत आली आणि माणसे बोरिवली, विरार, डोंबिवली अशी पांगली. आम्ही डोंबिवलीकर झालो. अण्णांच्या मनात एक नाटक राहून गेले आहे: न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’. दरबार, पेशवाईचा थाट, माणसांची गर्दी. वाडीच्या छोट्या रंगमंचावर ते कधी मावले नाही. गेल्या काही वर्षांपासून अण्णांनी एक वही केली आहे. त्यात प्रत्येक प्रवेशाचे चित्र रंगीत पेन्सिलींनी काढलेले आहे. कोण कोठे उभा राहील, मशाल कोणत्या हातात, पगडीचा रंग कोणता. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सर्वांना चहासाठी बोलावून जाहीर केले, “वाडीची माणसं गोळा करतो आणि ते नाटक बसवतो.” वय शहात्तर.

मी खर्चाचे विचारले, सभागृहाच्या भाड्याचे विचारले, त्यांच्या गुडघ्यांचे विचारले. शेवटी म्हणालो, “अण्णा, आता या वयात ही नाटकं पुरेत.”

मराठीचा प्राध्यापक आहे मी. ‘नाटकं’ या शब्दाचे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते आणि त्यांनाही. ते काही बोलले नाहीत. वही कपाटात गेली. सौ. त्या रात्री मला एवढेच म्हणाली, “बेलवलकरांवर वर्गात तासभर बोलता, आणि घरी असं?”

त्या शनिवारी सभागृहातून घरी आलो तो सरळ अण्णांच्या खोलीत गेलो. कुरोसावाची गोष्ट त्यांना सांगितली, सोनेरी गवताचीही. ते शांतपणे ऐकत होते. मग विचारले, “काढून टाकलं त्यानं? दृश्य लांबत असेल. योग्य केलं.” त्यांना त्यात फुकट गेल्यासारखे काहीच वाटले नाही. मला त्या विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर सापडले.

“वही दाखवता का?” मी म्हणालो.

त्यांनी लगेच दाखवली नाही. मानी माणूस. आधी पाणी प्यायले, चष्मा पुसला. मग कपाट उघडले. वहीच्या पहिल्या पानावर नटमंडळींची नावे आहेत. त्यांतल्या दोन नावांवर अलीकडेच बारीक रेघ ओढलेली दिसली. ती दोघे आता येणार नाहीत. एका नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. त्याला ऐकू येत नाही. नाटक उभे राहील की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. पैसा जमायचा आहे, माणसे जमायची आहेत, आणि विरारहून तालमीला येणे म्हणजे काय हे ज्याने लोकलचा प्रवास केला आहे त्याला सांगायला नको.

पण दर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावल्या जातात. सध्या पाचजण येतात. सौ. कांदेपोहे करते. आणि मला अण्णांनी काम दिले आहे ते प्रॉम्प्टरचे. पडद्यामागे उभे राहायचे आणि कोणाला दिसायचे नाही.

पहिल्या रविवारी मी दहा मिनिटे उशिरा आलो. अण्णा सर्वांसमोर म्हणाले, “प्राध्यापक, तालीम साडेचारला म्हणजे साडेचारला!”

मी मान खाली घालून भिंतीशी जाऊन उभा राहिलो.